डोक्याला लागू देऊ नका

मंगळवारी सकाळी चष्मेवाल्या काकांनी दुकान उघडलं, काउंटरची काच पुसली आणि जेवणाच्या डब्याची पिशवी आत ठेवायला उचलली, तर डब्याच्या वर एक पाकीट होतं. पाकिटात त्यांच्या मुलीचा चष्मा होता आणि काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी : 'ढापणीचा पुन्हा मोडलाय. आज झाला तर बरं.'

ढापणी हे काकांनीच ठेवलेलं नाव. मुलीला वयाच्या सहाव्या वर्षी चष्मा लागला आणि नंबर जो चढत गेला तो उणे नऊवर जाऊन थांबला. शाळेत पोरं ढापणी म्हणून चिडवायची, ती रडत घरी यायची. मग काकांनी घरातच तिला लाडानं ढापणी म्हणायला सुरुवात केली, आणि त्या शब्दातलं विष उतरून गेलं. आता ती एकतीस वर्षांची होती, लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी बापाच्या तोंडी तेच नाव होतं.

चष्मा कसा मोडला हे मोडलेला चष्माच सांगतो. पस्तीस वर्षं हा धंदा केल्यावर काकांना विचारावं लागत नसे. कुणी त्यावर बसलं की दोन्ही काड्या बाहेर फाकतात. हातातून पडला की काचेच्या कडेचा टवका उडतो, फ्रेमला फारसं काही होत नाही. तिसरा प्रकार असा की नाकावर टेकणारे दोन बारके पॅड आत चेपले जातात आणि एकच काडी सांध्यापाशी मुरगळते. असा चष्मा नाकावर असतानाच मोडलेला असतो. ढापणी मोडलेला चष्मा आईकडे पाठवून देई. त्या वर्षात तो तिसऱ्यांदा आला होता, आणि तिन्ही वेळा डावी काडी मुरगळलेली होती.

काकांना हे दिसलं. दिसलं म्हणजे लख्ख दिसलं. त्यांनी बारीक पक्कड घेतली, काडी सरळ केली, पॅड बदलले, स्क्रू आवळला. एवढ्यात एक म्हातारे गिऱ्हाईक आले आणि पेपर वाचता येत नाही म्हणून कुरकुरू लागले. "आजोबा, तुमचा नंबर वाढला नाही," काका म्हणाले, "पेपरातल्या बातम्याच अशा झाल्यात की अक्षरं लाजेनं लहान झालीत." आजोबा खो खो हसले. काकाही हसले. दुरुस्त झालेला चष्मा त्यांनी पाकिटात परत घातला आणि दुपारपर्यंत त्याच्याकडे पाहिलं नाही.

वाचकहो, हे काका वाईट माणूस नव्हते हे आधीच सांगून ठेवते. वाईट असते तर त्यांचं कुणी ऐकलं नसतं, आणि मग ही गोष्ट घडलीच नसती. गरिबाच्या पोराला ते फुकट चष्मा करून देत. आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करत. कुणाच्या घरात मृत्यू झाला की पाळकांच्या आधी काका पोचलेले असत. चर्चच्या मंडळीचे ते वडील होते, म्हणजे उपासनेत प्रभुभोजनाची, भाकरीच्या तुकड्यांची, थाळी बाकांमधून फिरवण्याचा मान त्यांचा होता. आणि बारा वर्षं ते समेट समितीवर होते.

ह्या समितीचं काम सांगायला सोपं आहे. मंडळीतली एखादी बाई नवऱ्याचं घर सोडून आली की तिला आणि नवऱ्याला बुधवारी संध्याकाळी देवळामागच्या खोलीत बोलवायचं. समितीत तिघं : पाळकसाहेब, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई आणि काका. टेबलावर जाड पवित्र शास्त्र. दोघांचं थोडं थोडं ऐकून घ्यायचं. मग नवऱ्यानं शास्त्रावर हात ठेवायचा, त्याच्या हातावर बायकोनं, आणि सगळ्यांत वर काकांनी. काकांनी प्रार्थना म्हणायची. ह्याला मंडळीत 'हात ठेवणं' म्हणत. एकदा हात ठेवले की मागचं काढायचं नाही. पुन्हा तक्रार केली तर ती देवापुढं दिलेला शब्द मोडते असं धरत, आणि तिला ठेवून घेणाऱ्या आईबापांना प्रभुभोजन मिळत नसे. आईबाप आढेवेढे घेऊ लागले तर काका स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसत, समजावत. बारा वर्षांत सतरा बायकांना त्यांनी असं परत पाठवलं होतं, आणि एकही घर मोडलं नाही ह्याचा त्यांना मनापासून आनंद होता. घर मोडलं नाही म्हणजे आत काय काय मोडलं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. हात ठेवल्यावर विचारायचं नसतं, असा नियमच होता ना!

त्या मंगळवारी काका दुकान बंद करून घरी आले तर ढापणी स्वयंपाकघरात बसली होती. चष्म्याशिवाय. बापाला तिनं पावलांच्या आवाजावरून ओळखलं. डाव्या गालाचं हाड सुजून काळंनिळं झालं होतं. दाराशी एक बॅग होती. काकू गॅसपाशी पाठ करून उभ्या होत्या आणि उकळून गेलेला चहा ढवळत होत्या.

काकांनी पाकीट काढून चष्मा तिच्या हातात दिला. तिनं तो घातला, काकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मी इथं राहू?"

एवढंच तिनं विचारलं. नवऱ्यानं काय केलं, कशावरून केलं, काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

काका खुर्चीवर बसले. "उद्या बुधवार आहे," ते म्हणाले.

काकू गर्रकन वळल्या. "बुधवार आहे म्हणजे?"

"म्हणजे समिती बसते."

"समिती गेली खड्ड्यात! पोरीचं तोंड बघितलंत का?"

"बघितलं." काका म्हणाले. "तिसऱ्यांदा बघतोय मी. चष्मा माझ्याच हातात येतो ना. पण मी काय करू? सतरा जणींना मी त्या टेबलाशी बसवलंय. त्यांचीही तोंडं अशीच होती. त्यांनाही आईबाप होते. आता माझ्या मुलीची पाळी आली तर मी नियम बदलू? उद्या त्या सतरा जणी विचारतील, काका, आमच्या वेळी कुठं गेला होतात?"

"विचारू देत की!"

"काय तोंड दाखवू त्यांना?"

"तोंड!" काकू म्हणाल्या. "तुम्हाला तुमच्या तोंडाची पडलीय. समिती तुमची, नियम तुमचा. पोर मात्र माझीसुद्धा आहे."

ढापणी मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं आईचा हात धरला आणि म्हणाली, "जाऊ दे आई. बाबांना नको अडचणीत टाकू." काकूंनी गॅस बंद केला. घरात तीनच माणसं, त्यातल्या दोघांना नियम मान्य. एकट्या बाईनं किती भांडायचं?

माझ्या मते काकांचा गुन्हा तो हाच. दुसऱ्याच्या मुलीला एक न्याय आणि आपल्या मुलीला दुसरा असं करणारी माणसं आपण पावलोपावली पाहतो आणि त्यांना नावं ठेवतो. काका तसे नव्हते. आपल्या मुलीलाही त्यांनी तोच अन्याय द्यायचं ठरवलं, आणि त्याला सचोटी म्हटलं.

बुधवारी संध्याकाळी जावई वेळेच्या आधी हजर झाला. एका मोठ्या गोदामाचा तो व्यवस्थापक होता, उपासनेत गायकांच्या पहिल्या रांगेत उभा राही, आवाज असा गोड की पाहुणे मुद्दाम चौकशी करत. आल्या आल्या त्यानं मोठ्या बाईंना खुर्ची सरकवून दिली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "कामाचा ताण असतो. ही उलट बोलते, मग माझा तोल जातो. पण मी तिच्याशिवाय राहू शकत नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं पाणी होतं.

"आणि तू?" मोठ्या बाईंनी ढापणीला विचारलं. "तुझंही कुठं चुकत असेल?"

"असेल," ढापणी म्हणाली.

पाळकसाहेबांनी मान डोलावली. "क्षमा हाच आपला मार्ग. लग्नात तुम्ही सुखात आणि दुःखात म्हणाला होतात, नुसतं सुखात नाही."

मग हात ठेवायची वेळ आली. शास्त्रावर जावयाचा रुंद हात, त्यावर ढापणीचा. काकांनी आपला हात वर ठेवला, पण प्रार्थना सुरू होईना. त्यांच्या मनात एक भीती होती, जी त्या खोलीत फक्त त्यांनाच कळत होती. एवढा मोठा नंबर असलेल्या डोळ्याचा आतला पडदा ताणून पातळ झालेला असतो. डोक्याला जोराचा मार बसला तर तो सुटतो, आणि सुटला की वेळेत उपचार झाले तर ठीक, नाहीतर नजर जाते. असा नंबर असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बजावून सांगत.

"एक सांगायचंय," ते जावयाला म्हणाले. "हिचा नंबर फार आहे. डोळे नाजूक आहेत. तेवढं... डोक्याला लागू देऊ नका."

"नाही बाबा," जावई म्हणाला. "शब्द देतो."

काकांना हायसं वाटलं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, चांगली लांबलचक, आणि स्वतः दोघांना त्यांच्या दारापर्यंत सोडून आले. रविवारी उपासनेत जावई आणि ढापणी उभे राहिले. प्रभूनं आपला संसार वाचवला अशी साक्ष जावयानं दिली, मंडळी 'आमेन' म्हणाली. काकू पहिल्यांदाच त्या शब्दाला गप्प राहिल्या. शेजारच्या बाईनं वळून त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा.

त्यानंतर सात महिने चष्मा दुकानात आला नाही. काका रोज पिशवी उघडताना आधी पाकीट आहे का पाहत आणि नसलं की देवाचे आभार मानत. देवळात ढापणी भेटे. "कशी आहेस?" "सगळं ठीक आहे बाबा." काकू म्हणत, "ही आता काही सांगतच नाही हो." काका म्हणत, "सांगण्यासारखं काही नसेल. आपल्याला चांगलं पचतच नाही." काकूंनी दोनदा तिच्या घरी जाऊन पाहिलं. दोन्ही वेळा जावयानं स्वतः चहा केला आणि निघेपर्यंत खोलीतून हलला नाही.

आठव्या महिन्यात एका सकाळी जावई ढापणीला घेऊन दुकानात आला. "डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय बहुतेक," तो म्हणाला. "भांडी फोडते, जिन्यात अडखळते. बघा जरा."

काकांनी तिला मागच्या खुर्चीत बसवलं. उजव्या डोळ्यावर तळहात धरायला सांगितलं आणि समोरच्या पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षर वाच म्हणाले. ते अक्षर पोळपाटाएवढं होतं. ढापणी मान इकडंतिकडं फिरवू लागली.

"वाच ना गं."

"पाटी कुठंय बाबा?"

काकांनी तिच्या डोळ्यासमोर दोन बोटं धरली. मग हात हलवला. मग छोटी विजेरी पेटवली, तेव्हा ती म्हणाली, "हो, उजेड आहे काहीतरी."

"कधीपासून?"

"आधी चमकायचं. मग एका कडेनं काळा पडदा सरकत आला. तीन आठवडे झाले असतील."

"तीन आठवडे! आणि तू मला आज सांगतेस? चमकलं की धावत ये म्हणून लहानपणापासून सांगतोय ना तुला?"

ढापणीनं दाराकडे पाहिलं. जावई तिथंच उभा होता.

"डोक्याला काय लागलं होतं?" काकांनी विचारलं. विचारलं तिला, पण पाहत होते त्याच्याकडे.

"मी डोक्याला हात लावलेला नाही," जावई शांतपणे म्हणाला. "विचारा तिला. शब्द दिला होता, तो पाळलाय. एकदा खांदे धरून हलवलं तेवढंच. मागं भिंत होती, त्याला मी काय करणार?"

तो खोटं बोलत नव्हता. ह्या माणसानं सात महिने शब्द पाळला होता. पाठीवर, दंडावर, मांडीवर, जिथं चष्मा नसतो तिथं सगळीकडे पाळला होता. काकांनी पुढं होऊन त्याची कॉलर धरली. बासष्ट वर्षांच्या माणसाची ती पकड, जावयानं ती दोन बोटांनी सोडवली, कॉलर नीट केली आणि कामाला उशीर होतो म्हणून निघून गेला.

काकांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि मुलीला घेऊन डोळ्यांचं इस्पितळ गाठलं. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. काकांनी प्रार्थनेसाठी त्यांचा हात धरायला हात पुढं केला, तेव्हा त्यांनी आपले दोन्ही हात उचलून पदराखाली घेतले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पडदा बसवलाय, पण फार उशिरा आलात. ह्या डोळ्याला उजेड आणि सावली कळेल, त्यापुढं आशा धरू नका. दुसरा डोळा मात्र जपा."

चौथ्या दिवशी काका खाटेपाशी बसून तिला सफरचंदाच्या फोडी करून देत होते. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. त्यांना राहवलं नाही. "मी त्याला बजावलं होतं गं," ते म्हणाले. "तुझ्यासमोरच सांगितलं होतं."

ढापणीनं फोड हातात धरून ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर काकांना सोसलं असतं.

"बाबा, तुम्ही 'मारू नका' म्हणाला नव्हतात," ती म्हणाली. "'डोक्याला लागू देऊ नका' म्हणाला होतात. मला तेव्हाच कळलं, बाकीचं तुम्हाला चालणार आहे. मग मी तुम्हाला काय सांगायला येऊ?"

काकांनी सुरी ताटलीत ठेवली. ते रडले, अगदी लहान मुलासारखे रडले, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईनं भिंतीकडे तोंड केलं. ढापणीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. क्षमा करायची सवय तिला लहानपणापासून लागलेली होती.

इस्पितळातून काकूंनी तिला थेट घरी आणलं. कुणाला विचारलं नाही. पुढच्या बुधवारी काका देवळामागच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "ती परत जाणार नाही. आणि यापुढं कुणाच्याच हातावर मी हात ठेवणार नाही. आपण सतरा बायकांना मार खायला परत पाठवलंय. मी पाठवलंय."

मोठ्या बाईंनी डोळे टिपले. पाळकसाहेब उठून त्यांच्या जवळ आले. "तुमचं दुःख मोठं आहे," ते मायेनं म्हणाले. "अशा वेळी माणूस काहीही बोलतो. काही दिवस विश्रांती घ्या. आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो." त्यांनी तिथल्या तिथं प्रार्थना केलीही. काका भांडायला आले होते. त्यांच्याशी कुणी भांडलंच नाही. पुढच्या बुधवारी समितीवर दुसरे वडील आले, आणि एका ड्रायव्हरच्या बायकोचे हात ठेवून झाले. काका तिला देवळाच्या पायरीवर गाठून म्हणाले होते, "जाऊ नकोस पोरी." ती गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिली. बारा वर्षं तिनं ह्याच माणसाच्या तोंडून उलटं ऐकलं होतं. तिला वाटलं, मुलीच्या दुःखानं काकांचं डोकं ठिकाणावर नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची थाळी बाकांमधून फिरली. काका, काकू आणि ढापणी बसले होते त्या बाकापाशी ती आली, आणि पुढच्या बाकाकडे गेली. मुलीला ठेवून घेणाऱ्या आईबापांना नियम लागू होता. तो नियम समितीनं एकमतानं केला होता, काकांचंही मत त्यात होतं.

त्या रविवारी दुपारी काकांनी ठरवलं, सतराही घरी जायचं. प्रत्येकीची माफी मागायची आणि सांगायचं की आमच्या घराचं दार उघडं आहे. काकू म्हणाल्या, "जा. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून जाऊ नका." पहिल्या दारी नवऱ्यानं दार उघडलं आणि ती झोपलीय म्हणाला. दुसऱ्या दारी सगळं कुटुंब चहाला बसलं होतं. बाई हसून "सगळं ठीक आहे काका" म्हणाली, अगदी ढापणी म्हणायची तसंच.

तिसरं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाई एकटीच होती, मुलांच्या शाळेच्या शर्टांना इस्त्री करत होती. तिनं खुर्ची दिली, पण काका बसले नाहीत.

"मी चुकलो पोरी," ते म्हणाले. "तुला परत पाठवायला नको होतं. तुला वाटलं तर आमच्या घरी ये. मुलांना घेऊन ये. कधीही ये, आधी विचारू नकोस."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. बराच वेळ ती शर्टाची कॉलर हातानं सपाट करत राहिली.

"अकरा वर्षं झाली काका."

"हो."

"मी घर सोडून आले तेव्हा आईनं मला ठेवून घेतलं होतं. बाहेरच्या खोलीत माझ्यासाठी खाट टाकली होती. दार लावून घेतलं होतं तिनं, कुणी आलं तरी उघडायचं नाही म्हणाली होती. तुम्ही आलात म्हणून उघडलं. दोन तास बसला होतात. ती रडली, तुम्हीपण रडलात, आणि संध्याकाळी तिनं माझी बॅग भरली."

तिनं कॉलरची दुसरी बाजू सपाट केली.

"दोन वर्षांपूर्वी गेली ती. शेवटी शेवटी सारखी विचारायची, 'काकांचं ऐकलं ते बरंच केलं ना गं आपण?' मी म्हणायचे, 'हो आई, सगळं ठीक आहे.'" तिनं काकांकडे पाहिलं. "आता तुम्ही सांगताय चुकलं म्हणून. हे मी कुणाला जाऊन सांगू?"

खाली जिन्यात मुलांचा आवाज ऐकू आला, आणि त्यांच्यामागून एका पुरुषाचा. तिनं चटकन दुसरा शर्ट ओढून टेबलावर पसरला. "जा काका," ती हळू आवाजात म्हणाली. "हे आलेत. कशाला आला होतात विचारलं तर चष्म्याचं सांगते."

काका जिना उतरू लागले. मधल्या वळणावर नवरा भेटला, त्यानं आदरानं नमस्कार केला आणि मुलांना बाजूला घेऊन काकांना वाट करून दिली.